नसरीन, वाघोलीत टेबल लागलं

नसरीन, रविवारी जे झालं ते कधी एकदा तुला सांगते असं झालंय. काल दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापताना दोनदा तुझ्या खुर्चीकडे वळून मी "अगं ऐक" म्हणाले. दुसऱ्यांदा काउंटरपाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांना वाटलं मी त्यांनाच म्हणतेय. "ऐकतेय की, बोला," त्या म्हणाल्या. मग त्यांनाच थोडंसं सांगून टाकलं. त्यांनी मान डोलावली, औषध घेतलं आणि गेल्या. त्यांचा काय दोष? ही गोष्ट ज्या एका माणसाला पूर्ण कळली असती, ते माणूस आता ऐकायला नाही. म्हणून लिहायला बसलेय.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. अशा वेळी लोक जे लिहितात ते मला जमणार नाही. तुझा जन्म, शिक्षण, मागे कोण राहिलं, हे सगळं तुला माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि शक्य झालं तर अर्धवट राहिलेलं भांडणही थोडं पुढे न्यायचंय.

विश्रांतवाडीत आपण दोघींनी मिळून मेडिकल काढलं तेव्हा माझ्या वडिलांना वाटलं होतं, वर्षभरात दोघी एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. कारण सरळ होतं. तू कॅम्पातली, तीन पिढ्यांच्या शिंपीकामाच्या घरातली, जिभेला धार असलेली. मी धानोरीची, जमिनींवर इमारती उभ्या राहण्याआधीच्या धानोरीची. फार्मसीच्या डिप्लोमाच्या वर्गात आले तेव्हा माझ्या बोलण्यातलं "हाय" आणि "न्हाय" गेलं नव्हतं, आणि तू शाळेच्या पुस्तकासारखं मराठी बोलायचीस. दुकानात एकदा सोसायटीतल्या एक काकू तुला कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही मराठी किती छान बोलता." तू चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलंस आणि शांतपणे म्हणालीस, "तुम्हीही छान बोलता." मी गोदामात जाऊन हसले. काकू मात्र नंतरही आपल्याकडेच यायच्या, हे विशेष.

तपासणीच्या टेबलाची कल्पना तुझी. समोरच्या इमारतीचा वॉचमन आपल्याकडून पायाच्या जखमेचं मलम न्यायचा. बरं होतंय का, असं विचारलं की हो म्हणायचा. एक दिवस तो दिसेनासा झाला आणि मग त्याच्या जागी आलेल्या माणसाने सांगितलं, गावी गेला, साखर फार वाढली होती, पाय कापावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करताना म्हणालीस, "कल्पना, डॉक्टरकडे जायचं म्हणजे या लोकांचा एक दिवसाचा रोज बुडतो. आपल्याकडे ते तसेही येतातच. मग तपासणी आपल्याकडेच का नको?"

"आपण डॉक्टर नाही," मी म्हणाले.

"मी कुठे म्हणतेय आहोत म्हणून? मी साखर बघणार, बीपी बघणार आणि माणसाला योग्य दारात पाठवणार. दार कुठे आहे तेवढं तर आपल्याला ठाऊक आहे."

महापालिकेच्या दवाखान्यातल्या मॅडमना भेटायला तू मला ओढत नेलंस. मला वाटलं होतं, त्या आपल्याला बाहेर काढतील. त्यांनी उलट चहा मागवला. कोणाला पाठवायचं, कधी पाठवायचं, थुंकी तपासायची डबी कोणाला द्यायची, सगळं त्यांनी आपल्याला बसवून शिकवलं. बाहेर आल्यावर तू रस्त्यातच उभी राहिलीस आणि माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली. तुला इतकं खूश मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि मग टेबलाकडे कोणी फिरकलंच नाही. चूक, एक जण यायचे. मागच्या सोसायटीतले आजोबा, रोज सकाळी फिरून झाल्यावर, फुकट बीपी मोजून घ्यायला आणि देशाच्या परिस्थितीवर बोलायला. शेवटी तू हात जोडलेस. "आजोबा, तुमच्या दोन्ही सुना डॉक्टर आहेत. हे टेबल ज्यांच्या सुना डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी आहे." आजोबा रागावले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण सुना इतकं ऐकून घेत नाहीत." तू खुर्ची पुढे ओढलीस आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधलास. तू माघार घेतल्याचं ते एकमेव उदाहरण.

ज्यांच्यासाठी टेबल होतं ते पायरीखालीच उभे राहायचे. मागच्या बाजूला मोठ्या इमारतीचं काम चालू होतं आणि कामगार पत्र्याच्या खोल्यांतून राहत होते. बहुतेक कलबुर्गीकडचे, कानडी बोलणारे. पायांना सिमेंट, म्हणून पायरी चढायचे नाहीत. बाहेरूनच बोट दाखवून औषध मागायचे, सुटे पैसे पुढे करायचे आणि जायचे. तू काय केलंस तर टेबलच उचलून बाहेर फुटपाथच्या कडेला नेलंस, आणि कानडी शिकायला घेतलीस. कै कोडी, हात द्या. केम्मु, खोकला. एष्टु दिना, किती दिवस. तुझे उच्चार ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि हसता हसता हात पुढे करायच्या. मी आतून बघत होते. मला पटलेलं नव्हतं, पण नजर हलत नव्हती.

शांतम्मा त्याच बायकांतली. उंच, काटक, डोक्यावर घमेलं नसतानाही मान ताठ ठेवून चालणारी. ती नवऱ्यासाठी खोकल्याचं औषध न्यायची. तिसऱ्यांदा आली तेव्हा तू बाटली दिली नाहीस. विचारलंस, "एष्टु दिना?" तिने हाताने दाखवलं, खूप. तू म्हणालीस, नवऱ्याला घेऊन ये. तिला वाटलं तू तिचा अपमान करतेयस. ती तडक रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात गेली आणि तिथून बाटली घेऊन, आपल्याला दिसेल अशी धरून, परत गेली.

"झालं समाधान?" मी म्हणाले. "बाटली तर तिने घेतलीच. आता इथे येणारही नाही."

तू ओढणी नीट केलीस आणि पायरी उतरलीस. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं.

"कुठे निघालीस?"

"ती येणार नाही म्हणालीस ना? मग मलाच जायला हवं."

त्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये तू काय बोललीस ते मला कधीच नीट कळलं नाही. तू फक्त एवढंच सांगितलंस की शांतम्माने तुला बसायला पोतं दिलं आणि मल्लप्पा, तिचा नवरा, भिंतीला टेकून बसला होता, गवंड्याचे हात आणि त्यामानाने फार बारीक मनगटं. तू त्याला डबी दिलीस. सकाळी उठल्यावर पहिली थुंकी यात, उघड्यावर जाऊन, झाकण घट्ट लावून. आजाराचं नाव मात्र काढलं नाहीस. "खोकला कसला आहे ते बघू," इतकंच.

इथेच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, "त्याला सांगायला हवं होतंस. टीबीसाठी तपासतोय म्हणून. त्याच्या अंगाची गोष्ट आहे, त्याला आधी कळली पाहिजे." तू म्हणालीस, "नाव ऐकलं की माणूस पळतो. आधी तपासू दे, मग सांगू." मी म्हणाले, "मग तो विचारेल, आधी का नाही सांगितलंत." तू म्हणालीस, "विचारायला तो जिवंत तर असेल." या वाक्यानंतर तुझ्याशी वाद घालणं नेहमीच अवघड व्हायचं, आणि ते तुला चांगलं माहीत होतं.

मल्लप्पाला टीबी निघाला. दवाखान्यातून औषधं सुरू झाली. पण बातमी खोल्यांमध्ये माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर पोचली. साइटचा मुकादम संध्याकाळी दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. पाठीमागे चार-पाच माणसं. शांतम्मा थोडी लांब, पोरीला कडेवर घेऊन.

"मॅडम," मुकादम म्हणाला, "त्याला सांगा खोली खाली करायला. उद्याच्या उद्या. तुम्हीच शोधून काढलंय ना? मग तुम्हीच सांगा."

मी तुला आत ओढायला तुझा हात धरला, पण तू पायरी उतरून त्याच्यासमोर गेलीस.

"तो गेला तर कुठे जाईल?"

"मला काय माहीत. गावाला जाईल."

"गावाला जाईल, औषध अर्ध्यात सोडेल आणि परत आजारी पडेल. आणि इथे ज्यांच्याबरोबर तो इतके दिवस एका खोलीत झोपला त्यांचं काय? त्याला घालवलं की त्यांचं बरं होईल?"

मुकादम एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, माझी पण लेकरं शेजारच्याच खोलीत झोपतात."

तू त्याच्यावर ओरडशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "म्हणून तर. आधी त्यांना घेऊन या. मी स्वतः दवाखान्यात येते तुमच्याबरोबर."

नसरीन, ती सकाळ मी विसरणार नाही. मुकादम पुढे, दोन लेकरं त्याच्या हातात, आणि मागे सगळ्या खोल्या. बायका, पुरुष, कडेवरची मुलं. कामाची सुट्टी त्यानेच दिली होती. दवाखान्याच्या दारात गर्दी बघून मॅडम बाहेर आल्या आणि तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सगळे तुमचे?" तू म्हणालीस, "हो, आणि हीसुद्धा," आणि मला पुढे ढकललंस, कारण नावं सांगायला, रांग लावायला माणूस हवा होता. दुकान बंद ठेवून मी तिथे काय करतेय, असं मनात येत होतं, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की इतकं जिवंत मला कधीच वाटलं नव्हतं. मुकादमाच्या मुलांना काही निघालं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडच्या खोलीतल्या एका बाईला मात्र निघालं, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातलं. तिला खोकला आहे हे तिच्या घरातही कोणी मनावर घेतलं नव्हतं.

मल्लप्पा हळूहळू अंगाने भरला. मनगटं गवंड्याची दिसायला लागली. एका रविवारी आपण यायच्या आत तो आणि शांतम्मा येऊन दुकानाबाहेर विटा लावत होते. कोणी सांगितलं, मी विचारलं. तो हसला. वाट बघणाऱ्यांना बसायला कट्टा. इतका सरळ, इतका गुळगुळीत कट्टा त्या रस्त्यावर दुसरा नाही. सोसायटीने आधी तक्रार केली, मग संध्याकाळी सोसायटीच त्यावर बसायला लागली.

आणि भांडण? ते चालूच राहिलं. काही महिन्यांनी एक सिक्युरिटी गार्ड आला, तू घरी होतीस, मी त्याला डबी देताना सरळ सांगितलं, टीबी आहे का ते बघायचंय. त्याने डबी काउंटरवर ठेवली आणि निघून गेला. परत दिसला नाही. दुपारी तू आलीस तेव्हा तुला सांगितलं. मग चहा माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "पळाला ना?" मी म्हणाले, "पळाला. पण खोटं सांगून थांबवलेला माणूस मला नको." तू म्हणालीस, "खोटं नाही, उशिरा." आपण दोघी आपापल्या जागी ठाम. तुझ्या शेवटच्या आठवड्यातही हेच चाललं होतं. मला अजूनही वाटतं मी बरोबर होते. तुला अजूनही वाटत असेल की तू. तू असतीस तर हे कितीही वर्षं चाललं असतं, आणि मला चाललं असतं.

लोक मला विचारतात, हळहळत, की सगळ्यांचं बघणारीने स्वतःचं बघितलं नाही का. मला राग येतो. तू दर सोमवारी टेबलाशी बसून आधी स्वतःचं बीपी घ्यायचीस, सगळ्यांसमोर, म्हणजे लोकांची भीती जाईल. ठीकच असायचं. हृदय काही न सांगता थांबलं. मशीनला सगळं कळत नाही, हे तूच लोकांना सांगायचीस.

त्या दिवशी मी तुझ्या घरी, तुझ्या अम्मींजवळ बसले होते. पुरुष तुला कब्रस्तानात घेऊन गेले होते. खाली गल्लीत माणसं उभी होती, पत्र्याच्या खोल्यांमधली, आता दुसऱ्या साइटवर गेलेलीही, कोणीतरी निरोप दिला असणार. वर यायला कोणी धजत नव्हतं. अम्मींनी खिडकीतून बघितलं. "ये इतने लोग कौन हैं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "नसरीनचे." अम्मी उठल्या, स्वतः जिना उतरल्या आणि बायकांना वर घेऊन आल्या. शांतम्मा त्यांच्या पायाशी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. कोणालाच त्याची अडचण झाली नाही.

आता रविवार ऐक.

इथली इमारत पूर्ण झाली तेव्हा शांतम्मा-मल्लप्पा वाघोलीच्या साइटवर गेले, हे तुला माहीत आहे. तू गेल्यानंतर आठवड्याने शांतम्माचा फोन आला. तिची हिंदी आता माझ्यापेक्षा बरी आहे. म्हणाली, "ताई, इधर बहुत लोग है. खाँसी भी है, शुगर भी है. नसरीनताई बोली थी आएगी. आप आओ." तू तिला येते म्हणाली होतीस आणि मला सांगितलंच नव्हतंस. माझी ठरलेली वाक्यं तुला पाठ होती, म्हणून सांगितलं नसशील. दुकान सोडून जायचं नाही, वगैरे.

मी गेले. आधी तिथलं मेडिकल बघायला. मालक सागर, वाघोलीचाच, शेतकऱ्याच्या घरातला, डी. फार्म. झालेला, हॉर्नसारखा आवाज. मी सगळं समजावलं. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा न्हाय, तुम्ही टेबल कुठं लावताय? आणि बोट टोचलं, उद्या काय झालं तर माझ्या दारात येणार सगळे." मला इतकं हसू आलं. शब्द न् शब्द मी तेव्हा तुला ऐकवलेला होता. मी तुझी वाक्यं वापरली. एकेक करून, तू वापरायचीस त्याच क्रमाने. आकडा बघायचा, योग्य दारात पाठवायचं. मी त्याला तिथल्या सरकारी दवाखान्यातही घेऊन गेले. परत येताना तो विचारात पडला होता. "एक रविवार," तो म्हणाला. "एकच. बघू."

रविवारी सकाळी मी पोचले तर दुकानासमोर ताडपत्री बांधलेली, मंडळाच्या लाल खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सागर स्वतः पाण्याचा जार आणून ठेवत होता. दवाखान्यातल्या एक ताई आल्या होत्या. आणि माणसं, नसरीन. नगर रोडच्या बाजूने, साइटच्या फाटकातून, दोघं, चौघं, मग घोळकेच्या घोळके. कानडी, हिंदी, उडिया, कोणाकोणाची कुठली भाषा. मी आधी स्वतःचं बीपी घेतलं, सगळ्यांसमोर. जास्त आलं. उत्साहाने असणार. लोक हसले आणि पुढे सरकले.

शांतम्मा मध्ये उभी राहिली. मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिने आधी कानडीत आणि मग हिंदीत, मोठ्याने सांगितलं की माझ्या घरवाल्याला टीबी झाला होता, इथेच तो उभा आहे, बघा त्याच्याकडे. मल्लप्पा लाजून मान खाली घालून उभा. नाव ऐकल्यावर काही जण उठून गेले. मी मोजले नाहीत, पण गेले. बाकीचे बसले. एक म्हातारा उठून गेला, थोड्या वेळाने परत येऊन सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला. म्हणजे आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. उठून गेलेल्यांचं काय करायचं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त चांगलं सुचलं असतं.

दुपारी साखरेच्या पट्ट्या संपत आल्या. सागरने स्वतःच्या दुकानातला डबा फोडला. तोवर बोटं टोचायचं काम त्याने माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि त्याची बायको खोकला असलेल्यांना बाजूला बसवून डबी कशी वापरायची ते सांगत होती. एका बाईची साखर फार वर निघाली तेव्हा तो उठला, तिच्या नवऱ्याला धरून म्हणाला, "उद्या कामावर जायचं न्हाय. उद्या दवाखाना. मी येतो बरोबर." मी मागे उभी होते. नसरीन, तुझंच वाक्य, आणि तो तुला कधी भेटलाही नव्हता.

आवरताना मी त्याला म्हणाले, पुढच्या रविवारी मी जरा लवकर येईन, तुम्ही खुर्च्या तेवढ्या लावून ठेवा.

त्याने मान हलवली. "ताई, रागवू नका. पुढच्या रविवारी तुम्ही न्हाय आलात तरी चालंल. आम्ही करू."

मला आजवर कोणी "येऊ नका" इतक्या चांगल्या कारणाने म्हटलं नव्हतं. मी गाडी सुरू केली आणि वाघोलीपासून विश्रांतवाडीपर्यंत सगळ्या रस्त्याने मोठमोठ्याने तुझ्याशी बोलत आले. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता. बघू दे.